उजव्या खिडकीतली मामी

नाताळच्या सुट्टीत लोक गोव्याला जातात. मी सुरतेला निघाले, तेही एक जुनी अमेरिकन पिकअप गाडी गावी आणायला, आणि ती गाडीही अशी की जिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. हे मी नाशिकच्या आमच्या शाळेत शिक्षकखोलीत सांगितलं, तेव्हा चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोल शिकवता, आणि प्रवास मात्र मामाच्या गावापलीकडे नाही." मी त्यांना म्हटलं, मामा सुरतेला राहतात, म्हणजे यंदा निदान राज्य तरी ओलांडते आहे.

आईला अमळनेरला भेटून मी सुरत पॅसेंजर पकडली. ती वेळेवर आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नंदुरबारला ती अशी थांबली की डब्यातल्या बायकांनी भाकऱ्या सोडल्या, खाल्ल्या, हात धुतले, आपापल्या सुनांबद्दल बोलून घेतलं, तरी गाडी आपली उभीच. तापीचं खोरं मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं काढते. प्रत्यक्षात ते खिडकीतून बघायला मिळालं की मला अजून पोरासोरांसारखा आनंद होतो. नवापूरच्या पुढे साग लागतो, व्यारा येईपर्यंत मातीचा रंग बदलतो, आणि बारडोलीजवळ उसाच्या मळीचा वास डब्यात शिरतो, तो उधना येईपर्यंत निघत नाही.

मला बोलावलं होतं भिकामामांनी. मामा तरुणपणी खानदेशातून सुरतेला आले ते पॉवरलूमवर. पण मागाच्या खडखडाटात त्यांचा जीव रमला नाही. ते ड्रायव्हर झाले आणि हजीऱ्याला कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथल्या परदेशी साहेबांची गाडी चालवू लागले. ही पिकअप एका साहेबाबरोबर जहाजातून आली होती. साहेब काम संपवून गेले, गाडी इथंच राहिली, आणि लिलावात मामांनी ती घेतली. मूळचं पेट्रोल इंजिन परवडेना, म्हणून त्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं, ते रीतसर कागदावर चढवूनही घेतलं, आणि पुढं इतकी वर्षं तिच्यातून साड्यांचे ताके वाहिले. आता मामांना गावी परतायचं होतं. निरोप एवढाच होता, "सुमीले सांगा, गाडी लिसन गावले येवानं शे. तिनं इकडे यावं. गाडीमा तिघासनी जागा शे."

उधन्याला उतरले आणि स्टेशनबाहेर ती गाडी दिसली. फिकट आकाशी रंग, पुढं एवढं लांब नाक की त्यावर दोन बायकांनी पापड लाटावेत, आणि मागं हौदा. रिक्षावाले तिच्या भोवतीनं वळसा घालून जात होते. मी बॅग सांभाळत डाव्या बाजूला गेले, दार उघडलं, तर आत स्टिअरिंग धरून मामा. "आमले रस्ता दाखाडाले उनी का गाडी चालाडाले?" ते म्हणाले. मग मी वळसा घालून उजवीकडे गेले. तिथं खिडकीत गोजरमामी बसली होती, कोपर बाहेर काढून, एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरसारखी.

"तू मधमा बठ," मामी म्हणाली. "हाई मनी जागा शे."

डाव्या बाजूला बसून आपल्या रस्त्यावर गाडी हाकणं म्हणजे काय, हे मला त्या सीटवर बसल्यावर पुन्हा आठवलं. पुढं ट्रक असला की ड्रायव्हरला त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, समोरून कोणी येतंय की नाही ते कळत नाही. त्यासाठी उजव्या खिडकीत माणूस लागतो. बाकीच्या गाड्यांवर तो क्लीनर असतो. मामांच्या गाडीवर लग्नापासून मामीच होती. मामांनी विचारायचं, "निंघू का?" मामीनं मान बाहेर काढून बघायचं आणि म्हणायचं "निंघा" किंवा "थांबा". वळताना ती हात बाहेर काढून इशारा करायची, आणि तिच्या हिरव्या बांगड्या मागच्या गाड्यांना दिसायच्या. मी कॉलेजात असताना एकदा आले होते, तेव्हा मामी रस्त्यावरची एकूण एक पाटी मोठ्यानं वाचायची. गुजराती अक्षरं ती याच खिडकीत बसून शिकली होती. मामांना अक्षराशी देणंघेणं नव्हतं. माल कुठं उतरवायचा ते पाटी वाचून मामीच सांगायची.

या वेळी मात्र ती गप्प होती. उधना ते डिंडोली मामांनी दोनदा "निंघू का?" विचारलं, दोन्ही वेळा ती "निंघा" म्हणाली, आणि बाकी वेळ मला आईच्या गुडघ्यांबद्दल विचारत राहिली. पाट्या वाचल्या नाहीत. मला वाटलं, वय झालं, उत्साह कमी होणारच. वाटेत एका नव्या दुकानात साड्यांचे शेवटचे ताके टाकायचे होते. त्याआधी मामा एका पानाच्या टपरीवर थांबले, उतरले, टपरीवाल्याशी काही बोलले, आणि परत येऊन मामीच्या हातावर सुपारीची पुडी ठेवली.

"आजकाल यासले सुपारीना नाद लागना शे," मामी मला म्हणाली आणि पुडी फोडून चघळू लागली. मामांनी स्वतः एक खांडही तोंडात टाकलं नाही.

डिंडोलीच्या चाळीत निम्मा खानदेश राहतो. कानावर अहिराणी, तोंडात गुजराती, आणि शाळेतून येणारी मुलं हिंदीत भांडणारी. मामांची गाडी बोळात मावत नव्हती, शेपटी रस्त्यावर राहायची. हौद्यात शेजारणींच्या गोधड्या वाळत होत्या, त्या मामांनी रोजच्या सवयीनं घड्या करून ज्याच्या त्याच्या दारात ठेवल्या. रात्री मामीनं वांगी भाजून भरीत केलं, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. ती सगळं हातानं चाचपून करत होती. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, जिथल्या तिथं. मी मदतीला उठले तर म्हणाली, "तू काही हलाडू नको. मनं समदं जागावर शे." मला ते थोडं लागलं. पाहुणी झाले का मी, असं मनात आलं. भरीत मात्र असं झालं होतं की राग टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आरटीओच्या मैदानावर गेलो. भानगड अशी होती की गाडीचं पासिंग संपत आलं होतं. पासिंग झालं तर इथून ना-हरकत मिळणार, ती मिळाली तर गाडी महाराष्ट्रात नेऊन तिला आपल्याकडचा नंबर घेता येणार. पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात. मामांनी हे मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूच आलं. "मामा, जुनी गाडी आहे. गेली तर गेली. एसटीनं जाऊ तिघं." तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

इन्स्पेक्टर तरुण होता, स्वेटर घातलेला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काका, गाडी छे के जहाज?" ब्रेक बघितले, हॉर्न बघितला, टायरवर बूट आपटला. सगळं ठीक होतं. मग त्यानं विचारलं, "सिग्नल-लाइट?"

त्या दिव्यांची वायर गेल्या पावसाळ्यात उंदरांनी खाल्ली होती. मामा म्हणाले, "हाथ देते हैं, साहेब."

"कोनो हाथ?"

मामांनी उजव्या खिडकीकडे बोट दाखवलं. मामीनं बसल्या जागेवरून हात बाहेर काढून वळण्याचा इशारा करून दाखवला, अगदी व्यवस्थित, मनगट न वाकवता.

इन्स्पेक्टर हसला नाही, हे मला आवडलं. तो म्हणाला की डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला सिग्नल-लाइट फरजियात (सक्तीचा) आहे, त्यात तो काही करू शकत नाही. दिवे बसवा, उजवीकडे मोठा अरीसो (आरसा) लावा, आणि या. "पछी मासीने तकलीफ नहीं," तो पुढे म्हणाला. मामीनं हात आत घेतला.

कडोदऱ्याला मामांच्या ओळखीचे एक रमणभाई होते, गाड्यांची वायरिंग करणारे. त्यांच्या दुकानाबाहेरच्या खाटेवर आम्ही दोघी बसलो. रमणभाईंनी मला लोचो (हरभऱ्याच्या डाळीचा मऊ ढोकळा) आणून दिला, वर तेल, शेव आणि कच्चा कांदा. असा ऐवज समोर असताना मी इतर कशाकडे लक्ष देत नाही. मामीनं मात्र हात लावला नाही. दिवे बसले, रमणभाईंनी ते चालू करून बघितले, आणि टिक-टिक असा आवाज येऊ लागला.

"हाऊ काय आवाज?" मामीनं विचारलं.

"सिग्नलनो, मासी. हवे तमारा हाथने आराम," रमणभाई कौतुकानं म्हणाले. बिचाऱ्यांना काय कल्पना. मामी बराच वेळ तो आवाज ऐकत बसली, मग मला म्हणाली, "म्हंजे आते मी गाडीमा बठसू ते फकत बठाले."

परत जाताना मामीनं हात मांडीवरच ठेवला. बारडोली नाक्याशी उजवीकडे वळायचं होतं. मामांनी दिव्याचं बटण काही दाबलं नाही. म्हणाले, "हात दाखाड वं."

"दिवा लावा ना तुमना."

"त्याले आजूक सुकू दे. आजच लाया शे."

विजेचा दिवा सुकायचा असतो, ही माहिती माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच मिळाली. मी मामांकडे पाहिलं, त्यांनी समोर रस्त्याकडे. मामीनं मात्र पदर सावरला आणि हात बाहेर काढला.

पुन्हा मैदानावर गेलो तेव्हा तोच इन्स्पेक्टर होता. दिवे बघितले, आरसा बघितला, आणि म्हणाला, एक चक्कर मारून दाखवा. त्यासाठी तो मामीच्या जागी बसणार होता. मामी उतरली. मीही उतरायला लागले तर तो म्हणाला, "बेसो बहेन, बेसो." मामी निंबाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, गाडीकडे पाठ करून.

मैदानातून बाहेर पडलो. मामा नीट दिवा लावून वळले, नीट आरशात बघितलं. तेवढ्यात पुढं ताक्यांनी लादलेली हातलारी आली, तिच्यापुढं काय आहे ते मामांना दिसेना. आणि इतक्या वर्षांची सवय ती, मामा समोर बघतच म्हणाले, "निंघू का?"

इन्स्पेक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली, बघितलं आणि म्हणाला, "हां, जवा दो."

मामांनी गाडी काढली. मग तिघांच्याही लक्षात आलं. मला वाटलं, संपलं. एकट्याला गाडी नेता येत नाही हे मामांनी स्वतःच दाखवून दिलं. इन्स्पेक्टरनं मान आत घेतली आणि मोकळेपणानं हसला. परत आल्यावर तो उतरला, झाडाखाली मामीजवळ गेला, आणि तिची चेष्टा करावी म्हणून, म्हणजे अगदी घरच्यासारखी, म्हणाला, "मासी, असली ड्रायव्हर तो तमे छो. आवो, तमारी पण परीक्षा लई लऊं. पेला पाटिया पर शुं लखेलुं छे?"

समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत गुजरातीत लिहिलं होतं की गाडी हळू चालवा. मलासुद्धा अक्षरं लावून लावून वाचता येत होतं.

मामीनं भिंतीच्या दिशेनं तोंड केलं. मग खाली बघत म्हणाली, "भाई, मने वांचतां नथी आवडतुं."

"कंई वांधो नहीं," तो म्हणाला आणि कागदावर सही केली. पासिंग झालं होतं. लोक आनंदानं काय करतात ते करायची ती वेळ होती, आणि मी मात्र जागच्या जागी उभी होते. वाचता येत नाही, असं म्हणाली ती. जिनं मला दर दिवाळीला पोस्टकार्ड लिहिलं, जी पाट्या वाचत वाचत गुजराती शिकली, ती. यंदाच्या दिवाळीला कार्ड आलं नव्हतं, तेही मला तिथंच आठवलं. आणि मिठाचा डबा जागेवर का लागतो, तेही कळलं. मी मामांकडे वळले. त्यांना धक्का बसलेला नव्हता. ते मामीकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जी माया होती ती मी त्याआधी कधी नवराबायकोत पाहिली नव्हती.

मामीला गाडीत बसवून मामा मला चहाला घेऊन गेले. टपरीशी उभं राहून ते हळू आवाजात बोलले. मागच्या हिवाळ्यापासून मामीचे डोळे जात होते. मोतीबिंदू असणार. आता तिला फक्त सावल्या दिसत होत्या.

"मग तुम्ही ओव्हरटेक कसं करता?" मी विचारलं.

"करतच नही," मामा म्हणाले. "कोणलेच नही. बैलगाडी ऱ्हायनी ते बैलगाडीना मांगे चालस."

"पण तुम्ही तिला विचारता की, निघू का म्हणून."

"रस्ता मोकया दिखना म्हणजे इचारस. पुढे कोणीच नही, तवय इचारस." त्यांनी बशीत चहा ओतला, प्याला नाही. "तिले वाटाले नको, तिनं काम सरनं म्हणून."

मग सुपारीचंही सांगितलं. पाटी वाचायला कोणी नाही म्हणून टपरीवर उतरून पत्ता विचारायचा, आणि मामीला संशय येऊ नये म्हणून सुपारी घ्यायची. मी म्हटलं, "मामा, तिला सरळ सांगा ना. ऑपरेशन करून टाका."

"तिनी माले सांगं नही. मी तिले कसं सांगू?" ते म्हणाले. गावी मामीची धाकटी बहीण आहे, तिनं धुळ्याला मोतीबिंदू काढून घेतलाय. ती आपल्या तोंडानं विषय काढेल, मामी तिच्याबरोबर जाईल, आणि यात मामांना काही कळलं होतं असं मामीला वाटणारही नाही. म्हणून गावी जायचं होतं. म्हणून ही गाडीच हवी होती. ती भंगारात गेली असती तर मामी घरात बसली असती, आणि एकदा बसली की कोणाच्या सांगण्यानं डॉक्टरकडे गेली नसती. "अनि घाट शे मधमा," मामा म्हणाले. "त्यानाकरता तुले बलायं. मधमा डोयावाला माणूस पाहिजे."

मला एसटीबद्दल बोललेलं आठवलं.

ना-हरकत हातात पडल्यावर आम्ही निघालो. डिंडोलीच्या शेजारणींनी वाटेसाठी पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) बांधून दिला, वर लिंबू-मिऱ्याची शेव. एकीनं हौद्याला हळदकुंकू लावलं. मामी सगळ्यांच्या गालांवरून हात फिरवत होती, जरा जास्तच वेळ, आणि आता मला त्याचं कारण माहीत होतं. गाडी बोळातून निघाली तसा बोळ एकदम मोठा दिसू लागला.

कडोदऱ्यापासून बारडोलीपर्यंत आम्ही उसाच्या एका ट्रॅक्टरमागं चाललो. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते, एकानं मागं वळून हातही हलवला. मामा शांत. रस्ता अगदी रिकामा झाला की विचारायचे, "निंघू का?" आणि मामी खिडकीतून मान काढून, वारा तोंडावर घेत, म्हणायची, "निंघा." तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्या दिवसांत ती एकदाही "थांबा" म्हणाली नव्हती. तशी वेळच मामा येऊ देत नव्हते. मी मध्ये बसून पोंक खात होते, तो पुडीत बांधून बाजूला ठेवला.

सोनगडला मामा टपरीवर उतरले. सुपारी आली.

नवापूरच्या नाक्यावर हवालदार ड्रायव्हर म्हणून उजव्या खिडकीशी आला आणि मामीला बघून गांगरला. "बाई, कागद कुठंयत?" मामी म्हणाली, "कागदं यासनाजोडे. रस्ता मनाजोडे." हवालदार हसत पलीकडे गेला. महाराष्ट्रात आल्याचं मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं खिडकीतून बाहेर नमस्कार केला, साधारण एका चिंचेच्या झाडाला.

विसरवाडी मागं पडली आणि कोंडाईबारीचा घाट लागला. मी ज्याची भीती धरून होते ते वळणावरच आडवं आलं. एक मालट्रक चढावर बंद पडला होता, मागं दगड लावलेले, झाडाच्या फांद्या टाकलेल्या, ड्रायव्हरचा पत्ता नाही. अर्धा रस्ता अडलेला. पुढं जायचं तर उजव्या अंगानं, आणि त्या अंगाचं मामांना काही दिसत नव्हतं. मागं गाड्या जमल्या, हॉर्न सुरू झाले. इथं काही बैलगाडीमागं थांबायची सोय नव्हती.

मामा मला विचारू शकले असते. त्यांनी तोंड उघडलंही, मग मिटलं. आणि नेहमीच्याच आवाजात, पण जरा वेळ घेऊन, म्हणाले, "काय वं, निंघू का?"

मामीनं मान बाहेर काढली. त्याच वेळी तिचा डावा हात माझ्या मनगटाशी आला आणि तिनं तो घट्ट धरला. तोंड बाहेरच ठेवून ती एवढ्या बारीक आवाजात बोलली की इंजिनाच्या घरघरीत मामांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. "सुमे, रस्ता मोकया शे का? तुना मामाले समजाले नको."

मी तिच्या मांडीवरून वाकले, जणू मला दरी बघायची होती. वरून एक टँकर उतरत होता. मी तिचा हात दाबून धरला. टँकर गेला. त्यामागं जीप होती, तीही गेली. मग वळणापर्यंत नुसतं ऊन. मी हात सोडून तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली.

"निंघा," मामी म्हणाली.

मामांनी गाडी काढली. ते मोठं नाक उजवीकडं झुकलं, बंद ट्रक शेजारून मागं गेला, आणि आम्ही वळण घेऊन वर आलो. मामी खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर काढून मागच्या गाड्यांना पुढं या म्हणून खुणावत होती. दुसरा हात पुन्हा माझ्या हातात आला होता. दहिवेलपर्यंत आम्ही दोघींनी तसाच धरून ठेवला. दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलं होतं, एकमेकांसाठी. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, पण हे राहिलं.

त्यांना गावी सोडून मी नाशिकला परतले आणि पुन्हा फळ्यावर तापी काढू लागले. या वेळी कोंडाईबारीशी खडू जरा थांबला. पोरांना त्याचं काय. पुस्तकात त्या घाटाबद्दल एक ओळसुद्धा नाही, आणि मला आता त्या एका वळणाबद्दल तासभर बोलता आलं असतं.

होळीच्या सुमारास आईचं पत्र आलं, मामीच्या बहिणीनं तिला धुळ्याला नेलं, दोन्ही डोळ्यांचं काम नीट झालं. मी सुट्टी काढून गेले. धुळ्याच्या स्टँडबाहेर ती आकाशी गाडी उभी होती, पुढं नव्या रंगात महाराष्ट्राचा नंबर. उजव्या खिडकीत मामी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. तिनं मला लांबूनच ओळखलं आणि म्हणाली, "काय वं, किती बारीक व्हयनी!" मी बारीक झालेली नव्हते, पण तिनं बघून म्हटलं होतं, म्हणून मला फार बरं वाटलं.

मी मध्ये बसले. धुळं सुटायच्या आत मामी सुरू झाली. "येथे पंक्चर काढून मिळेल. ढेप व सरकी. भाऊची रसवंती. येथे थुंकू नये." एकही पाटी सोडेना. मामा ऐकत होते, मध्येच "कोनी रसवंती?" असं मुद्दाम विचारून तिला पुन्हा वाचायला लावत होते.

गावाच्या फाट्याआधी एक पानाची टपरी लागली. मामांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला, दिवाही लागला, टिक-टिक सुरू झाली.

"काबरं थांबी राहिनात?" मामीनं विचारलं.

"सुपारी..." मामा म्हणाले.

मामी त्यांच्याकडं वळली. त्या जाड भिंगांतून तिनं त्यांना नीट बघून घेतलं. "माले सुपारी कधीच आवडनी नही," ती म्हणाली. "आते नका लेत जाऊ. चला."

मामांनी दिवा बंद केला. मग पुढं कडब्यानं भरलेली बैलगाडी आली, रस्ता झाकून टाकणारी, आणि मामांनी घसा साफ करून विचारलं, "निंघू का?"

मामीनं मान बाहेर काढली. "थांबा," ती म्हणाली. "एसटी ई ऱ्हायनी."

कडब्याच्या आडून खरोखरच एसटी आली आणि आमच्या शेजारून धडधडत गेली. मामा बैलगाडीमागं थांबून हसत होते, आणि ते हसू लपवायची त्यांना आता गरज वाटत नव्हती.